मागे ओढायचे घर आणि स्वतः चालणारे घर

२०२४ च्या जानेवारीत आमच्या आवारात पांढरे मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारे घर, येऊन उभे राहिले, तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "मंग त्या ट्रॉलीले का झालं होतं?" गंमत अशी की ज्या मंडळींनी सहा-सात वर्षे त्या 'ट्रॉली'चा, म्हणजे बोलेरोच्या मागे ओढून न्यायच्या आमच्या कॅरव्हॅनचा, उपयोग तरी काय असे विचारून मला छळले होते, त्यांनाच आता तिचा पुळका आला होता. त्या वेळी ओट्यावर बसून मी तुकड्यातुकड्यांनी उत्तरे दिली. ती सगळी एकदा नीट मांडावीत, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात राहतो. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या वर्गाला शिकवत असे आणि माझी पत्नी आरोग्य सेविका म्हणून निवृत्त झाली. २०१७ मध्ये आम्ही एका बॉडी बांधणाऱ्याकडून एका आसाची लहान कॅरव्हॅन करून घेतली. दोन माणसांचा पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, बसायला बाक आणि कपाटाएवढे शौचालय एवढाच तिचा पसारा होता आणि सामानासकट तिचे वजन ९०० किलोच्या आसपास भरत असे. कायद्याच्या दृष्टीने ती ट्रेलर असल्यामुळे तिची नोंदणी वेगळी, नंबरपट्टी वेगळी आणि विमाही वेगळा होता. प्रवास नसेल तेव्हा ती बैल विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या कोठ्यात उभी असे, आणि गव्हाणीला टेकलेले ते घर पाहून वडिलांना काय वाटले असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा येई.

त्या कॅरव्हॅनने आम्हाला चिखलदरा दाखवला, लोणारचे सरोवर दाखवले, नागझिऱ्याच्या पिटेझरी प्रवेशद्वाराजवळ चार दिवस मुक्काम घडवला. तिचा सर्वांत मोठा गुण मुक्कामाला पोचल्यावर कळत असे. चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, बोलेरोला जोडणारा गोळा मोकळा करायचा आणि बोलेरो घेऊन बाजारात, देवळात किंवा दवाखान्यात जायचे. मागे घर जसेच्या तसे उभे असायचे, चुलीवरच्या वरणासकट म्हटले तरी चालेल. हा गुण मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो, कारण मोटरहोम घेतल्यावर सगळ्यात जास्त चुकल्यासारखे वाटले ते याच सोयीसाठी.

आता तिच्या अवगुणांकडे येतो. ज्याने बंडी हाकली आहे त्याला ट्रेलरचे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. बंडीत कापूस भरताना मागे जास्त भार पडला की ती उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळले जातात. पुढे जास्त भार पडला की त्यांच्या माना दबतात. कॅरव्हॅनचेही अगदी तसेच आहे. तिच्या एकूण वजनाच्या सुमारे ५ ते ७ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर पडला पाहिजे, म्हणजे आमच्या ९०० किलोंसाठी तो ४५ ते ६३ किलो असायला हवा. तो मोजायला मी न्हाणीघरातला वजनकाटा वापरत असे. काट्यावर योग्य उंचीचा लाकडी ठोकळा उभा करायचा, त्यावर कॅरव्हॅनची जोडणी टेकवायची आणि आकडा वाचायचा. शिकवायला आणि लिहायला हे फार सोपे आहे. परंतु २०२१ च्या डिसेंबरात माझ्या मोठ्या बहिणीकडून परत निघताना तिने दिलेले तुरीच्या डाळीचे पोते आणि लोणच्याच्या दोन बरण्या मी घाईत मागच्या दाराशी ठेवल्या आणि काटा काही काढला नाही.

वडनेर सोडून हिंगणघाटच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आम्ही ताशी ७० च्या वेगाने जात असताना एक मोठा कंटेनर शेजारून वेगाने पुढे निघून गेला. आधी त्याच्या हवेचा धक्का आणि लगेच त्याची ओढ यांमुळे कॅरव्हॅनचे बूड डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा थोडे अधिक जाऊ लागले. बोलेरोचा मागचा भागही तिच्यासोबत हलत होता. अशा वेळी ब्रेक दाबणे किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवून तोल सावरू पाहणे म्हणजे संकट ओढवून घेणे, हे मला पाठ होते. तरीही पाय ब्रेककडे गेलाच, आणि तो मी कसा परत घेतला हे मला आजही सांगता येणार नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, वेग पन्नासच्या खाली आला तसे ते झोके थांबले. रस्त्याच्या कडेला उभे राहून मी गोळ्यावरचा भार मोजला, तो १८ किलो भरला. पत्नी काही बोलली नाही. तिने दोन्ही बरण्या उचलून आणून स्वतःच्या पायाशी ठेवल्या आणि घरी पोचेपर्यंत त्या तशाच धरून बसली.

तरीही त्या प्रसंगामुळे मी कॅरव्हॅन सोडली नसती, कारण ती चूक माझी होती आणि ती टाळता येण्यासारखी होती. सोडायला लावले ते मागे घेण्याच्या खटाटोपाने. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवले की तो उजवीकडे वळतो, आणि एका मर्यादेपलीकडे वळला की गाडी आणि ट्रेलर यांचा चाकूसारखा कोन होऊन सगळेच अडकते. त्यात आमच्या कॅरव्हॅनचा ब्रेक हा ट्रेलर पुढे रेटला गेला की आपोआप लागणारा होता, त्यामुळे मागे घेण्याआधी खाली उतरून त्याची खीळ लावावी लागे. ती विसरली की कॅरव्हॅन बैलासारखी पाय रोवून उभी राही. बोलेरो आणि कॅरव्हॅन मिळून लांबी ९ मीटरच्या वर जात होती. आमच्याकडच्या गावांतले रस्ते एका वाहनापुरते असतात, दोन्ही बाजूंना नाली असते, आणि वळायला जागा म्हणजे ग्रामपंचायतीसमोरचे पटांगण, ज्यावर आठवड्यातून एक दिवस बाजार भरतो. नेमक्या अशाच एका बाजाराच्या दिवशी समोरून कापसाने शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर आला. तो मागे जाणे शक्य नव्हते आणि माझ्याने दीडशे मीटर सरळ मागे जाणे होत नव्हते. तिसऱ्यांदा कोन झाल्यावर मी खाली उतरलो, जोडणी सोडली, आणि बाजारातल्या आठ-दहा जणांनी ती कॅरव्हॅन हातांनी ढकलत पटांगणापर्यंत नेली. बंडी मागे घ्यायची तर बैल सोडून ती हातानेच ढकलावी लागते, हे त्यांना सांगावे लागले नाही. लोक आनंदाने मदत करत होते, हसतही होते, परंतु मला त्या दिवशी गुडघ्यांनी आणि कमरेने स्पष्ट सांगितले की पासष्टीनंतर हा खेळ चालणार नाही.

मोटरहोम घ्यायचे ठरले तेव्हा अनेकांनी सल्ला दिला की जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घ्या आणि गावातच आतून पलंग-ओटा बसवून घ्या. वेल्डिंग आणि सुतारकाम मला येते, म्हणून मोह होताच. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या स्वरूपात मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे कायद्याच्या भाषेतल्या मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्यात बसण्याची, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची सोय वाहनात पक्की बसवलेली असणे अपेक्षित आहे. कागदावर प्रवासी वाहन आणि आत शेगडी, अशा गाडीला अपघात झाला तर विम्याचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून आम्ही आधीपासूनच तशी नोंद असलेले, एका कुटुंबाने चार वर्षे वापरलेले मोटरहोम घेतले. त्याची लांबी सुमारे ६ मीटर आहे. एकूण भार ७,५०० किलोंच्या बराच खाली असल्यामुळे हलक्या मोटार वाहनाचा माझा नेहमीचा परवाना त्याला पुरतो. वयामुळे तो आता पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतो, ही गोष्ट वेगळी.

चालवण्यातला फरक पहिल्याच दिवशी जाणवला. हे वाहन मागे घेताना ते तुम्ही सांगाल तिकडे जाते, एवढ्या एका सुखासाठीही मी ते घेतले असते. परंतु त्याचे काही हट्ट आहेत. मागच्या चाकांच्या मागे अंगाचा मोठा भाग बाहेर आलेला असल्यामुळे उजवीकडे वळताना त्याचे बूड डावीकडे झोकांडते. पहिल्या आठवड्यात आमच्याच फाटकाच्या खांबाने मला हे शिकवले. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या फरशीवरून, उतरून पलीकडे चढताना तोच मागचा भाग जमिनीला घासतो, म्हणून खोल रपटा दिसला की मी खाली उतरून आधी बघून येतो. उंचीचे भान कॅरव्हॅनच्या वेळी मला नव्हते. आता सौर पट्ट्यांसकट ती जवळजवळ ३ मीटर झाली आहे, आणि गावाच्या गल्लीत लोंबणाऱ्या तारा, रस्त्यावर झुकलेली बाभूळ आणि रेल्वेखालचे बोगदे हे सगळे एकाएकी माझ्या दृष्टिक्षेपात आले. उंचीचा आकडा मी मोठ्या अक्षरांत लिहून काचेशेजारी चिकटवला आहे. कॅरव्हॅनच्या वेळी मी आरशात मागे बघत चालवत असे, आता वर बघत चालवतो.

पत्नीला आवडलेली गोष्ट निराळीच आहे. मुसळधार पाऊस लागला की पूर्वी गाडीतून उतरून, भिजत, कुलूप शोधत कॅरव्हॅनमध्ये शिरावे लागे. आता कडेला गाडी उभी केली की पुढच्या आसनावरून उठून दोन पावलांत ओट्यापाशी जाता येते. (चालत्या गाडीत मात्र ती उठत नाही, पट्टा लावून बसते. हे मुद्दाम सांगतो, कारण धावत्या गाडीत चहा करता येतो का, असे मला अनेकांनी उत्साहाने विचारले आहे.) रात्री एखाद्या ठिकाणी मन स्वस्थ वाटले नाही तर बाहेर न उतरता गाडी सुरू करून निघून जाता येते, हे तिच्या मते सगळ्यात मोठे सुख. कॅरव्हॅनमध्ये तसे करायचे तर अंधारात चार पाय वर घ्या, वायर जोडा, गोळा बसवा, साखळी लावा, एवढा सोपस्कार होता.

किंमत मोजावी लागली ती मुक्कामात. पहिल्याच मोठ्या प्रवासात आम्ही चिमूरमार्गे ताडोब्याच्या कोलारा प्रवेशद्वाराकडे गेलो आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या आवारात गाडी लावली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, म्हणजे अभयारण्य बंद. म्हटले चिमूरला जाऊन भाजी आणि औषधे घेऊन येऊ. त्यासाठी वायर गुंडाळा, पाण्याची नळी काढा, खिडक्या बंद करा, कपाटांच्या कड्या लावा, ओट्यावरची भांडी खोक्यात भरा, सावलीचा पडदा आत घ्या, आणि मग अडीच-तीन टनांचे घर घेऊन सांबार आणायला निघा. अर्धा तास आवरण्यात गेला, पाऊण तास परत मांडण्यात, आणि एवढे करून कढीच्या पातेल्याचे झाकण वाटेत उघडलेच. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी, आम्ही हरणाच्या मागे गेलो नव्हतो.) दुसऱ्या मुक्कामापासून आम्ही शहाणे झालो. आता गाडी एकदा लागली की ती हलत नाही, आणि बाजाराला जायचे तर रस्त्यावर उभे राहून काळीपिवळीला हात करतो. मागे दुचाकी टांगायचा स्टँड लावा असेही सुचवले गेले, परंतु आधीच जड असलेल्या बुडाला आणखी शंभर किलो लटकवायचे माझ्यातला बंडीवाला मान्य करत नाही.

उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही बातमी नसते, सवय असते. गाडीच्या टपावर एसी आहे, आणि तो १ किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो. आमच्या २०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत अडीच युनिटच्या जवळपास वीज मावते. म्हणजे बाहेरची वीज नसेल तर दोन-सव्वादोन तासांत एसीचा कारभार आटोपतो, आणि तापलेल्या पत्र्यामुळे तोवर आतली हवा जेमतेम बसण्याजोगी झालेली असते. विकणारे हे सांगत नाहीत. शेवटी वैदर्भीय माणसाने जे करायचे तेच आम्ही केले. मागच्या खिडकीत बसेल असा एक लहान कूलर मी स्वतः पत्रा वाकवून तयार केला, त्यात वाळ्याच्या ताट्या बसवल्या, आणि समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवली. तो १०० वॅटच्या आत चालतो आणि कोरड्या हवेत रात्रभर झोप लागते. फक्त तो पाणी पितो. आमच्या ११० लिटरच्या टाकीतले चाळीसेक लिटर पाणी एका रात्रीत संपते, म्हणून उन्हाळ्यात विहीर किंवा नळ जवळ असेल तिथेच मुक्काम करावा लागतो. जून उजाडून हवा दमट झाली की मात्र कूलर म्हणजे नुसता पंखा, आणि तेव्हा घरी बसावे हे उत्तम.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ते मी आशेने वाचले होते. आमच्या फिरण्यातल्या गावांत मात्र पाणी, वीज आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय एकत्र असलेली जागा आम्हाला अजून मिळालेली नाही. शेतकऱ्यांची आवारे, देवस्थानांची पटांगणे आणि पेट्रोल पंप यांवरच आमचे भागते. शौचालयाची पेटी सुटी काढता येते आणि ती ओळखीच्या घरी संडासात रिकामी करतो; या कामात लाज वाटून घेणाऱ्याने हा छंद धरू नये. कॅरव्हॅनमध्येही हेच होते, तेव्हा या बाबतीत दोन्ही घरे सारखीच.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित घडली. पांढरी गाडी, बाजूला मोठी खिडकी आणि आत पलंग, यामुळे खेड्यांत लोकांना तो फिरता दवाखाना वाटतो. गिरडच्या पुढे एका शाळेजवळ आम्ही चहासाठी थांबलो असता एक म्हातारी आजी काठी टेकत आली आणि पत्नीला म्हणाली, "बाई, माहं बीपी पाहून दे न." आम्ही डॉक्टर नाही हे सांगण्याआधीच पत्नीने स्वतःसाठी ठेवलेले यंत्र काढले. मागोमाग आणखी सहा जणी आल्या. दोघींना तिने आरोग्य केंद्रात जायला बजावून सांगितले, आणि चहा तासभर उशिरा झाला. कॅरव्हॅनमुळे आम्हाला सर्कशीतले समजत असत. त्या मानाने ही बढतीच.

काळ्या मातीने मात्र मला बढती दिली नाही. मोटरहोम आले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडून गेल्यावर मी नातेवाइकांच्या पांधणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या मातीच्या वाटेत, गाडी घातली. वरून माती वाळलेली दिसत होती, खाली लोणी होते. मागची चाके आसापर्यंत रुतली. कॅरव्हॅन रुतली असती तर ती तिथेच सोडून बोलेरोने घरी जेवायला गेलो असतो. इथे घरही रुतले आणि गाडीही रुतली. गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) मोळ्या चाकांखाली दाबल्या, ट्रॅक्टरला टोचन लावले, आणि दोन तासांनी आम्ही डांबरी रस्त्यावर आलो. तेव्हापासून पाऊस पडून आठवडा लोटल्याशिवाय मी डांबर सोडत नाही.

खर्चाचे म्हणाल तर एक जादा इंजिन पाळण्याचा खर्च वाढला आहे. कॅरव्हॅन उभी असताना फक्त तिचे टायर म्हातारे होत. मोटरहोम उभे असले तर बॅटरी उतरते, डिझेल पडून राहते, आणि उंदीर वायरी कुरतडतात. मागच्या पावसाळ्यात एका उंदरामुळे मला डॅशबोर्ड पूर्ण उघडावा लागला. म्हणून ज्याच्या घरी ओढण्यायोग्य गाडी आहेच, ज्याला एका जागी आठ-आठ दिवस राहायला आवडते आणि ज्याची पाठ अजून शाबूत आहे, त्याला मी आजही कॅरव्हॅनच घ्यायला सांगतो. आम्ही एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबत नाही, आणि बोलेरोही आता शेतीच्या कामाला मोकळी झाली आहे. आमचा हिशेब असा जुळला.

जुनी कॅरव्हॅन मी विकली नाही. पुतण्याने ती जागलीसाठी मागून घेतली. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यामुळे हरभऱ्याच्या दिवसांत त्याला रात्री शेतातच काढाव्या लागतात, आणि माळ्यावर कुडकुडण्यापेक्षा पलंगावर झोपलेले बरे. तिच्या जोडणीला मी ट्रॅक्टरला लागेल असा कडीचा तुकडा वेल्ड करून दिला, आणि तो ती एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर हळूहळू ओढत नेतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"काका, तुमची ट्रॉली उलाळून राहिली न."

मागे काय ठेवले आहे असे मी विचारले. युरियाच्या दोन गोण्या होत्या, ४५ किलोंची एक. त्या आसाच्या वर सरकवायला सांगितल्या, आणि संध्याकाळी तो मोटारसायकलवर येऊन न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन गेला.